पुराआधीचा छापखाना: प्रकल्प नोंदी, मार्च ते जून २०२५

१० मार्च, सोमवार

प्रेस सांगलीत, मारुती चौकातून आत वळणाऱ्या बोळात. एक दोन-रंगी ऑफसेट, एक जुनं सिंगल कलर, कटिंग मशिन, लॅमिनेशन, मागच्या बाजूला बाइंडिंग. २००५, २०१९ आणि २०२१ हे तिन्ही महापूर या जागेत शिरले आहेत. अण्णांनी यंदा पूरतयारीचं काम माझ्याकडे दिलं आणि त्यासाठी रक्कम वेगळी काढून ठेवली. म्हणून ही वही. जे ठरेल ते तारखेसह इथं लिहायचं.

कोकणातला पूर काही तासांत येतो, चिपळूणनं ते २२ जुलै २०२१ ला भोगलं. कृष्णेचं तसं नाही. कराड, ताकारी, भिलवडी अशी एकेका पुलावर पातळी चढते आणि मग सांगलीच्या आयर्विन पुलावर दिसते. आपल्याला वेळ मिळतो. पाणी वाढायला लागलं की पेठेत ज्याच्या त्याच्या तोंडी एकच प्रश्न असतो, "किती आलं आयर्विनला?" उत्तर सगळ्यांना माहीत असतं. एवढं आलं तर आपण काय करायचं, हा पुढचा प्रश्न मात्र त्याच रात्री चर्चेला निघतो, आणि हातातली रात्र त्या चर्चेत जाते. ही चर्चा आत्ता, कोरड्या दिवसांत करून संपवायची, एवढंच या कामाचं उद्दिष्ट.

१३ मार्च, गुरुवार

होळीमुळे मशिन दुपारनंतर बंद. टेप घेऊन भिंतीवरच्या खुणा मोजल्या.

२०१९ ची रेघ फरशीपासून ९ फूट ३ इंच. २०२१ ची ६ फूट १० इंच. आयर्विनला २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, २०२१ ला ५५ च्या आसपास. दोन रेघांतलं अंतर आणि पुलावरच्या दोन आकड्यांतलं अंतर बऱ्यापैकी जुळतं. त्यावरून आपली फरशी आयर्विनच्या साधारण ४८ फुटांवर येते.

पण ४८ हा आकडा धरून चालणार नाही. पाणी समोरच्या रस्त्यानं येण्याआधी मागच्या मोरीतून, गटाराच्या चेंबरमधून उलटं येतं. मशिनमन मामा म्हणाले, "पुढं रस्ता कोरडा असतोय, आणि मागं बाइंडिंगच्या टेबलाखाली पाणी." म्हणून आपला आकडा ४६. नदीची इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५. आपण धोका पातळीच्या जेमतेम फूटभर वर बसलोय. सगळं काम ४३ च्या आत संपलेलं हवं.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. २००५ ला पाणी ५३ फुटांच्या पुढे गेलं होतं. २०१९ ला पेठेतल्या कितीतरी दुकानांनी माल त्या जुन्या रेघेच्या वर रचला आणि माणसं निश्चिंत मनानं घरी गेली. पाणी त्या रेघेवर जवळपास चार फूट चढलं. आपला माळा फरशीपासून १० फुटांवर आहे. २०१९ च्या रेघेपेक्षा ९ इंच उंच, म्हणून "माळ्यावर टाकलं की झालं" असं सगळे म्हणतात. मला ते मान्य नाही. नऊ इंचांच्या भरवशावर धंदा ठेवायचा नाही. या आराखड्यात पाणी ६० फुटांपर्यंत येईल असं धरलंय, म्हणजे माळ्यावरही दोन फूट पाणी. माळ्यावर फक्त लाकडी पॅलेट आणि रिकामी खोकी राहतील.

२४ मार्च, सोमवार

काय काय बिघडतं आणि कसं, याची यादी मामांबरोबर बसून केली.

कागद भिजतो एवढ्यावर थांबत नाही. रिमात पाणी गेलं की तो फुगतो, आणि रॅकमध्ये घट्ट रचलेला असेल तर लोखंडी अँगल वाकवतो. २०१९ ला पाणी उतरल्यावर शटर उघडलं तेव्हा एक रॅक भिंतीत घुसल्यासारखी अडकून बसली होती. कागद पहारीनं फोडून काढावा लागला, कारण आर्ट पेपरचे थर एकमेकांना चिकटून त्याचा ठोकळा झाला होता. मॅपलिथो, म्हणजे साधा बिनचकाकीचा कागद, निदान सुटा तरी होतो.

मशिनचा बिडाचा सांगाडा पुरात मरत नाही. मरतात ते मोटर, पॅनल, सेन्सर आणि बेअरिंग. बेअरिंगमध्ये कृष्णेचा बारीक गाळ जातो, वाळला की सिमेंटसारखा बसतो. रबरी रोलर फुगतात, छपाईचं रबरी ब्लँकेट वाया जातं. मामांचं म्हणणं असं की मोटर आणि पॅनल आधी काढून नेलं, रोलर उतरवले, उघड्या स्टीलवर ग्रीस चोपडलं, तर पाणी उतरल्यावर आठ-दहा दिवसांत मशिन फिरेल. नाहीतर महिने जातात, कारण पूर ओसरल्यावर मोटर वाइंडिंगवाल्यांकडे अख्ख्या जिल्ह्याची रांग लागते. २०१९ ला मोटरी गाडीत घालून बेळगावपर्यंत नेणारे लोक मामांनी पाहिलेत.

ठरलं: मशिन हलवायचं नाही, ते शक्यच नाही. त्याचे जे अवयव उतरवता येतात ते उतरवायचे.

एक गोष्ट यादी करताना लक्षात आली. आपल्याकडे वर्षातला सगळ्यात जास्त कागद जुलै-ऑगस्टमध्ये असतो. पतसंस्था आणि विकास सोसायट्यांच्या वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत व्हायच्या असतात, त्यांचे अहवाल त्याआधी छापायचे. त्याच सुमारास गणेश मंडळांची पावती पुस्तकं, आरत्यांच्या पुस्तिका. यंदा गणपती २७ ऑगस्टला, म्हणजे मंडळांची गर्दी जुलैअखेरीस. नदी ज्या महिन्यांत वर येते त्याच महिन्यांत गोदाम भरलेलं. कागद स्वस्त मिळतो म्हणून जूनमध्ये एकदम उचलायची पद्धत यंदापासून बंद. अण्णांना हे पटायला वेळ लागला, कारण रिमामागे फरक पडतो. शेवटी कुपवाडला एमआयडीसीत ओळखीच्या कारखानदाराकडे १५ जून ते १५ ऑक्टोबर एक खोली भाड्यानं घ्यायची, सगळा कागद तिथंच उतरवायचा आणि प्रेसमध्ये चार दिवसांपुरताच आणायचा असं ठरलं. टेम्पोचं भाडं जास्तीचं पडेल. पडू दे.

२ एप्रिल, बुधवार

आज कामगारांबरोबर बसले. या प्रकल्पातला हाच भाग मला सगळ्यात जवळचा वाटतो.

बाइंडिंगच्या दोन मावशी काकानगर आणि दत्तनगर भागात राहतात. कर्नाळ रस्ता, सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, दत्तनगर, काकानगर हा सखल पट्टा. मारुती चौक कोरडा असतो तेव्हाच तिथं पाणी शिरलेलं असतं. मामा सांगलीवाडीचे, नदीपलीकडचे. पाणी वाढलं की त्यांचं घर, गोठा, म्हैस हे आधी.

म्हणजे कागदावर "चार माणसांनी मोटर उतरवावी" असं लिहून भागणार नाही. ज्या दिवशी मोटर उतरवायची, त्या दिवशी या चारांतल्या तिघांच्या दारात पाणी असणार. पुरात मालक माणसांना फोन करतो आणि माणसं आपल्या घराच्या माळ्यावर भांडी चढवत असतात, असं पेठेत दर वेळी घडतं.

म्हणून क्रम उलटा केला. आयर्विनला ३० फूट झाले की प्रेसचा टेम्पो आधी मावशींच्या दारात जाणार. त्यांची गादी-भांडी, कपाट, मुलांची दप्तरं, रेशनकार्ड, सगळं मिरजेला आत्याच्या वाड्यात. पाणी ओसरून घर झाडून होईपर्यंत पगार चालू, त्यातले पंधरा दिवसांचे आगाऊ हातात द्यायचे. बँका आणि एटीएम बंद पडतात, म्हणून हे पैसे जूनपासून रोख काढून ठेवायचे. मोटर उतरवायचं काम मामा करतील, पण त्यांच्याबरोबर विश्रामबागचे दोन तरुण, मिरजेचा माझा चुलतभाऊ आणि मी. चौघंही उंचावर राहणारे.

धाकट्या मावशींनी विचारलं, "आणि पाणी आलंच नाही तर? सामान नेऊन परत आणायचं?" मी म्हटलं, परत आणायचं, टेम्पो प्रेसचाच. त्यावर त्या म्हणाल्या, "मग निघू की. कुणी विचारत नाही म्हणून थांबतोय आम्ही." हे मी शब्दशः लिहून ठेवते आहे.

९ एप्रिल, बुधवार

विम्याचा दिवस. बँकेत कॅश क्रेडिट खातं आहे, त्यामुळे पॉलिसी बँकेमार्फत निघते आणि मूळ प्रत बँकेतच राहते. आज झेरॉक्स मागवून ओळ न् ओळ वाचली.

एका जागी ५ कोटींपर्यंतची मालमत्ता असलेल्या व्यवसायांसाठी १ एप्रिल २०२१ पासून 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' ही ठरावीक नमुन्याची पॉलिसी आहे. सगळ्या कंपन्यांत तिच्या मूळ अटी सारख्याच. त्यात पूर मुळातच धरलेला असतो, ही चांगली बाब. तीन ठिकाणी मात्र दुरुस्ती हवी होती.

पहिली, मालाची रक्कम. ती मार्चअखेरच्या स्टॉकवर ठरवलेली. मार्चअखेर आपल्याकडे कागद सगळ्यात कमी. समजा जुलैत २० लाखांचा माल आहे, विमा १२ लाखांचा आणि पुरात १० लाखांचं नुकसान झालं, तर हातात ६ लाख येतात, कारण आपण मालाच्या साठ टक्क्यांचाच विमा उतरवला होता. विमा कमी पडण्यात १५ टक्क्यांपर्यंत या पॉलिसीत सूट आहे, पण इथं फरक चाळीस टक्क्यांचा. बारा लाखांचा विमा आहे म्हणून दहा लाख पूर्ण मिळतील असं समजणारे माझ्या ओळखीत भरपूर आहेत. त्यांना हे गणित एकदा कागदावर करून दाखवायला हवं.

दुसरी, पत्ता. विमा ज्या पत्त्यावर लिहिलाय त्या जागेतल्या मालाला असतो. पावसाळ्यात कागद कुपवाडला राहणार, म्हणजे दोन्ही जागा पॉलिसीत हव्यात. एजंट म्हणाले, मालाला फ्लोटर घ्या, एकच रक्कम दोन्ही पत्त्यांवर मिळून चालेल. तसं पत्र बँकेला आणि कंपनीला दोघांना दिलं, पोच घेतली.

तिसरी, बंद काळातला तोटा. प्रेस महिनाभर बंद राहिली तर बुडणारा नफा आणि चालू पगार या पॉलिसीत येत नाहीत, त्यासाठी वेगळी पॉलिसी लागते. तिचा हप्ता सध्या झेपत नाही. तेवढ्यासाठी दोन महिन्यांच्या पगाराची रक्कम मुदत ठेवीत वेगळी, कोणत्याही कारणानं मोडायची नाही असं ठरवून.

जीएसटीचं कलमही हिशेबात घेतलं. नष्ट झालेल्या मालावर घेतलेलं इनपुट टॅक्स क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, परत करावं लागतं, कलम १७(५)(ह). भिजलेल्या कागदाची किंमत गेली, वर त्यावरचा करही पुन्हा खिशातून. विम्याची रक्कम ठरवताना हा कर मिळवून धरला.

सरकारी मदतीवर आराखडा उभा करायचा नाही हेही लिहून ठेवते. २०२१ ला दुकानदारांना नुकसानीच्या ७५ टक्के, पण जास्तीत जास्त ५० हजार रुपये अशी मदत जाहीर झाली होती. ती वेळेला आधार देते, पण आपली मोटर आणि पॅनल एवढ्यात परत येत नाही.

१८ एप्रिल, शुक्रवार

डेटा. आपल्या धंद्यात गिऱ्हाईक परत येतं ते जुन्या फायलींमुळे. "मागच्या वर्षीसारखाच अहवाल, फक्त आकडे बदला." त्या फायली गेल्या तर गिऱ्हाईकही गेलं.

दोन बाहेरच्या हार्ड डिस्क आणल्या. एक दर शनिवारी भरून मिरजेला आत्याकडे जाणार, दुसरी प्रेसमध्ये, आठवड्याला अदलाबदल. चालू वर्षाच्या फायली आणि टॅलीचा बॅकअप रोज रात्री क्लाऊडवर.

मग चाचणी. डिस्क मिरजेला नेऊन चुलतभावाच्या कॉम्प्युटरवर उघडली. कोरलच्या फायली उघडल्या, पण मराठी मजकुराच्या जागी सगळीकडे विचित्र चिन्हं. फॉन्ट नाहीत. आपल्या निम्म्या जुन्या फायली श्रीलिपीच्या फॉन्टमध्ये आहेत. ते सॉफ्टवेअर आणि त्याचं डोंगल, दोन्ही असल्याशिवाय त्यातल्या एका शब्दाचीही दुरुस्ती करता येत नाही. डोंगल म्हणजे अंगठ्याएवढं काळं बोंडूक, कॉम्प्युटरच्या मागच्या बाजूला लावलेलं. धूळ पुसताना सोडलं तर त्याच्याकडे कुणाचं लक्षही जात नाही. पुरात कॉम्प्युटर उचलला आणि ते पडून राहिलं तर बॅकअप असून नसल्यासारखा.

उपाय तीन. डोंगलला लाल रिबन बांधून जागेवरच एक पट्टी चिकटवली, "आधी हे काढा". सगळे फॉन्ट आणि सॉफ्टवेअर दोन्ही डिस्कवर. आणि कायमची गिऱ्हाईकं असलेल्या संस्थांच्या अहवालांचा मजकूर टप्प्याटप्प्यानं युनिकोडमध्ये आणायचा. हे काम या पावसाळ्यात संपणार नाही, पण डीटीपीच्या ताईंनी आजच सुरू केलं.

२८ एप्रिल, सोमवार

पर्यायी प्रेसचा शोध. आपलं मशिन बंद पडलं तरी अहवालांच्या तारखा थांबत नाहीत, ते कुठंतरी छापून द्यायलाच हवेत.

कोल्हापूरशी आपले जुने संबंध आहेत, पहिला विचार तिकडचा. पण सांगलीत पूर येतो तेव्हा पंचगंगाही वर आलेली असते. राजाराम बंधाऱ्यावर ३९ ला इशारा, ४३ ला धोका. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी तिथंही पातळी ५५ च्या पुढे गेली होती. शिवाय २०१९ ला शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्गच दिवसेंदिवस बंद होता. आपल्याबरोबर बुडणाऱ्या गावात पर्याय शोधून उपयोग नाही. इचलकरंजीचंही तेच.

तासगाव ठरलं. तिथल्या प्रेसवाल्या काकांकडे आपल्यासारखंच १९ बाय २६ इंची कागदाचं मशिन आहे. बोलणी सरळ झाली: आपल्याला गरज पडली तर रात्रपाळी आपली, दर ठरलेला, कागद आपण द्यायचा. त्यांचं मशिन कधी बंद पडलं तर आपण तसंच करायचं. साध्या कागदावर लिहून दोघांनी सह्या केल्या. ग्रीपर मार्जिन, म्हणजे मशिन कागद पकडतं ती कोरी कड, दोन मशिनची वेगळी निघाली, त्यामुळे आपली प्लेट तिकडे जशीच्या तशी चालत नाही. डीटीपीच्या ताईंनी आता अहवालांच्या नमुना फायलींत जास्तीचं मार्जिन ठेवलंय.

११ मे, रविवार

रंगीत तालीम. लग्नपत्रिकांचा जोर ओसरला, म्हणून मशिन बंद ठेवून पूर आल्यासारखं सगळं केलं.

नियम एकच ठेवला, मेन स्विच बंद. पाणी जवळ आलं की वीज आधी जाते, त्यामुळे विजेवर चालणारं काही वापरायचं नाही. वरच्या गर्डरला हुक वेल्ड करून घेतलाय, त्याला हातसाखळीचा चेन ब्लॉक. मामांनी दोन-रंगीच्या मोटरचे फाउंडेशन बोल्ट सोडायला घेतले तेव्हा मागचा एक बोल्ट हलेना. गंजलेला नव्हता, पण तिथं पाना फिरवायला जागाच नव्हती. त्या एका बोल्टवर बराच वेळ गेला. शेवटी लांब दांड्याचा सॉकेट पाना आणि त्याला पाइपचा तुकडा लावून तो सुटला. तो पाना आणि पाइप आता मशिनच्या बाजूलाच खिळ्याला टांगलेत, टूलबॉक्समध्ये जायचे नाहीत. सगळे बोल्ट बदलून नवे, ग्रीस लावून.

पॅनलचं काम त्या मानानं सुरेख झालं. पुराच्या दिवशी वायरमन मिळत नाही, त्याला अख्खी पेठ बोलवत असते. म्हणून एप्रिलमध्येच पॅनलच्या सगळ्या जोडण्या प्लग-सॉकेटच्या करून घेतल्या. प्रत्येक वायरला दोन्ही टोकांना एकच नंबर, फोटो काढून भिंतीवर लॅमिनेट करून लावलाय. आज विश्रामबागच्या मुलानं, ज्यानं आयुष्यात पॅनल उघडलं नव्हतं त्यानं, मामांनी हात न लावता ते उतरवलं आणि परत जोडलं. मामा बाजूला उभे राहून फक्त बघत होते. मशिन पहिल्या बटनाला फिरलं.

मोटर, पॅनल, रोलर, कॉम्प्युटर, कागदपत्रांची पेटी हे सगळं टेम्पोत चढेपर्यंत एकूण साडेचार तास लागले. त्यात रोलर उतरवायलाच सगळ्यात जास्त वेळ. मी आराखड्यात सहा तास धरते, कारण त्या दिवशी पाऊस असेल आणि बोळात दुसऱ्यांचेही टेम्पो असतील. बोळात एका वेळी एकच टेम्पो जातो. शेजारच्या वाणी काकांशी आणि समोरच्या भांडीवाल्यांशी बोलले. तिघांनी मिळून वेळा वाटून घेऊ. काका म्हणाले, त्यांचं तेलाचे डबे हलवण्याचं काम एक पाऊल आधी होईल, मग बोळ आपल्याला.

२१ मे, बुधवार

वळीव म्हणावा तर थांबत नाही. रोज संध्याकाळी धो धो पाऊस. कुपवाडच्या खोलीचं भाडं १५ जूनपासून ठरलं होतं. कारखानदारांना फोन करून उद्यापासून मागितली. हो म्हणाले. कागद उद्यापासून हलवायचा.

२६ मे, सोमवार

मान्सून आज मुंबईत पोचला. २४ ला केरळात आला होता. मुंबईत इतक्या लवकर तो आल्याची नोंदच नाही म्हणतात. आपण सगळ्या तारखा मृगाच्या आसपास धरल्या होत्या. नदीत आत्ता काही पाणी नाही, धरणं रिकामी आहेत, घाबरायचं कारण नाही. पण यापुढे आराखड्यात "७ जूनपर्यंत" असं कुठंही लिहायचं नाही. पुढच्या वर्षीपासून सगळी तयारी १५ मेला पूर्ण.

कागद कुपवाडला गेला. प्रेसमध्ये रॅक अर्ध्या रिकाम्या. अण्णा येऊन बघून गेले, म्हणाले, "रिकामं रिकामं वाटतंय." मग थोड्या वेळानं, "असू दे."

२ जून, सोमवार

फुटांचा तक्ता आज पक्का झाला. पाटबंधारे विभाग कराड, ताकारी, भिलवडी, आयर्विन, अंकली, म्हैसाळ अशा पातळ्या प्रसिद्ध करतो. आपण आयर्विन आणि भिलवडी या दोनच बघायच्या, आणि कोयनेचा विसर्ग. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारे व्हिडिओ आणि "अमुक धरण फुटलं" छाप निरोप यांना या तक्त्यात जागा नाही. शंका आली तर जिल्हा नियंत्रण कक्ष, १०७७.

२५ फूट: दिवसातून दोनदा पातळी वहीत. कुपवाडहून प्रेसमध्ये येणारा कागद एका दिवसापुरता. टेम्पोवाल्याला आणि तासगावच्या काकांना कळवायचं.

३० फूट: मावशींचं सामान मिरजेला. आगाऊ पगार. मामांना सांगलीवाडीचं आवरायला एक दिवस मोकळा.

३५ फूट: नवीन काम मशिनवर चढवायचं नाही, चढलेलं संपवायचं. तयार माल गिऱ्हाइकाकडे पोचवायचा, बाकीचा कागद आणि शाईचे डबे कुपवाडला. गिऱ्हाइकांच्या चालू कामांच्या फायली तासगावला.

३८ फूट: मशिन बंद. मोटर, पॅनल, रोलर उतरवायचे. इशारा पातळीची, म्हणजे ४० ची वाट बघायची नाही, कारण ४० झाले की अख्खी पेठ एकदम हलते आणि टेम्पो मिळत नाही.

४० फूट: डोंगल, कॉम्प्युटर, पेटी. प्रत्येक खोलीचा, प्रत्येक रॅकचा तारखेसह व्हिडिओ, विम्यासाठी. मेन स्विच बंद, मोरीच्या तोंडावर वाळूची पोती, शटर.

४३ फूट: बोळात कुणीही नाही. एखादी वस्तू राहिली असेल तर राहू दे. हे वाक्य मी ठळक अक्षरांत लिहिलंय. ऑगस्ट २०१९ मध्ये ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं गेली, ते या जिल्ह्यात कुणी विसरलेलं नाही. यंत्रासाठी कुणाला पाण्यात पाठवायचं नाही.

याच्या जोडीला दोन नियम. एक, रात्री आठला जी पातळी असेल त्याच्या पुढच्या पायरीचं काम झोपण्याआधी उरकायचं. दुसरा, भिलवडीला पातळी झपाट्यानं चढत असेल आणि कोयनेचा विसर्ग वाढल्याची सूचना असेल, तर एक पायरी गाळून पुढची धरायची. २०२१ ला जुलैत महाबळेश्वरला २४ तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला, आणि पाणी २०१९ पेक्षा फार वेगानं चढलं. तेव्हा पायरी-पायरीनं जायला उसंत नव्हती.

निर्णय कुणाचा, यावर अण्णांशी सगळ्यात जास्त बोलणं झालं. त्यांची सवय "जरा थांबू, उतरेल" अशी. पन्नास वर्षं नदी बघितलेल्या माणसाचा अंदाज बहुतेक वेळा बरोबरही येतो. पण आकडा आला की काम सुरू, त्या वेळी कुणाला विचारायचं नाही, असं मला हवं होतं. त्यांनी तक्ता दोनदा वाचला आणि खाली सही केली. "अडतीसला मी फोन केला आणि थांब म्हटलं, तरी थांबू नकोस," असं स्वतःहून म्हणाले.

९ जून, सोमवार

पाणी उतरल्यानंतरचं पान तयार केलं. ते तक्त्याच्या मागच्या बाजूला. वायरमननं तपासल्याशिवाय कुठलंही बटन दाबायचं नाही. गाळ ओला असतानाच पाण्यानं धुवायचा, वाळू द्यायचा नाही. मग मशिन डिझेलनं पुसून तेल. मोटर कोरडी राहिली असली तरी मेगरनं (इन्सुलेशन तपासायचं यंत्र) तपासून मगच जोडायची. गाळात उतरणाऱ्या प्रत्येकाला गमबूट आणि हातमोजे, आणि लेप्टोच्या (दूषित पाण्यातून होणारा ताप) गोळ्यांबद्दल आरोग्य केंद्रात आधी विचारायचं. भिजलेला माल सर्व्हेअर येऊन जाईपर्यंत फेकायचा नाही. महापालिकेची गाडी लवकर येऊन उचलायला लागली तर प्रत्येक प्रकारच्या कागदाचे नमुने बाजूला काढून, फोटो काढून, मगच द्यायचा. पंचनाम्याची प्रत त्याच दिवशी मागायची.

गिऱ्हाइकांना पत्रं गेली. अहवालाचा मजकूर यंदा १० जुलैपर्यंत द्या, लवकर देणाऱ्यांचं काम आधी. दोन पतसंस्थांच्या सचिवांनी फोन करून तक्त्याची प्रत मागितली. त्यांची कार्यालयं टिळक चौकाकडे आहेत, जमिनीची पातळी आपल्यापेक्षा वेगळी, त्यामुळे आपले आकडे त्यांनी जसेच्या तसे घेऊ नयेत. आधी भिंतीवरची रेघ मोजा म्हटलं. बुधवारी टेप घेऊन जाते आहे.

बाकी कामं: मावशींच्या दोन्ही घरांची कागदपत्रं स्कॅन करायची. कुपवाडच्या खोलीची दुसरी किल्ली चुलतभावाकडे. पॉलिसीवरचा दुसरा पत्ता छापून आलेला नाही, एजंटांना उद्या सकाळी पुन्हा फोन.

१३ जून, शुक्रवार

दुसऱ्या पत्त्याची सुधारित प्रत आली. बघून पेटीत ठेवली, फोटो क्लाऊडवर.

आयर्विनची पातळी आजपासून वहीत. सकाळची मामा लिहिणार, संध्याकाळची मी.